पंखा फिरतो, पडदा काळाच

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या नव्या संगणकाच्या बाजूचा पत्रा लावला, तारा खोचल्या आणि पुढची कळ दाबली, म्हणजे त्यानंतर काय घडू शकते याचे प्रकार फार नाहीत. एक तर यंत्र रीतसर चालू होते, आणि तसे झाले तर त्या भाग्यवान गृहस्थाला हे प्रकरण वाचण्याचे कारण उरत नाही. नाहीतर ते अगदी निपचित राहते, पंख्याचे पातेसुद्धा हलत नाही. किंवा पंखे फिरतात, दिवे लागतात, सारा थाट चालू यंत्राचा असतो आणि पडदा मात्र काळाच्या काळा राहतो. किंवा यंत्र चालू होऊन दोन-चार सेकंदांत बंद पडते, आपोआप पुन्हा चालू होते, पुन्हा बंद पडते, आणि हा खेळ कोणी तार उपटीपर्यंत थांबत नाही. दुरुस्तीच्या दुकानात पहिल्या प्रकाराला ‘डेड’, दुसऱ्याला ‘नो डिस्प्ले’ आणि तिसऱ्याला ‘रिस्टार्ट मारतंय’ अशी चालू नावे आहेत, आणि तक्रार घेऊन येणाऱ्याने नुसते ‘बंद पडलंय’ असे मोघम न सांगता या तिघांपैकी एकाचा उच्चार केला तरी निम्मी चौकशी आटोपते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत हे अशा चौकशीला योग्य गाव आहे. मुंबईच्या लोकल गाडीचे कर्जत निराळे, ते रायगडात. आणि बाहेरून भाग मागवणाराने पत्त्यात जिल्ह्याचे नाव ठळक लिहावे हा येथला पहिला व्यावहारिक नियम. संत गोदड महाराजांच्या रथयात्रेचे, भीमाकाठच्या सिद्धटेकाचे आणि रेहेकुरीच्या काळविटांचे हे तालुक्याचे ठिकाण अवर्षणप्रवण टापूत मोडते. येथे संगणक आला तो चैनीची वस्तू म्हणून नव्हे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पसरला, नोकरीच्या अर्जाला त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, पुढे सातबारा आणि फेरफार संगणकावर गेले, दाखले आणि पीकविम्याचे अर्ज जाळ्यावरून भरावे लागू लागले, आणि बसस्थानकाच्या आसपासच्या गाळ्यांतून झेरॉक्सच्या यंत्राशेजारी संगणकाचा डबा कायमचा मांडला गेला. हे डबे बहुतांशी ‘असेंबल’ केलेले, म्हणजे कोणा एका कंपनीचा शिक्का नसलेले, दहा ठिकाणचे भाग एकत्र करून उभारलेले. अलीकडे महाविद्यालयांतील मुले चित्रफितींच्या संपादनासाठी किंवा खेळांसाठी असे यंत्र स्वतःच जोडू लागली आहेत. भाग पुण्याहून येतात, कधी कुरिअरने, कधी भिगवण-राशीनच्या रस्त्याने मांडीवर घेऊन.

आता या साऱ्या प्रकरणाचा जो मुख्य मुद्दा, तो आधीच सांगून टाकतो. जुने यंत्र बंद पडते तेव्हा त्यात काहीतरी बिघडलेले असते. नवे यंत्र चालू होत नाही तेव्हा बहुधा काहीच बिघडलेले नसते, काहीतरी घडायचेच राहून गेलेले असते. एखादी तार खोचायची राहिली, एखादी पट्टी पुरती बसली नाही, एखादा खिळा नको तेथे राहिला. वर्षानुवर्षे चाललेल्या यंत्राच्या बाबतीत भागांवर संशय घेणे रास्त आहे. काल जोडलेल्या यंत्राच्या बाबतीत संशयाचा पहिला मान जोडणीचा. हा भेद ध्यानात न घेता लोक एकदम निष्कर्षावर उडी घेतात, ‘मदरबोर्ड उडाला’ असा निकाल देतात आणि निर्दोष वस्तू परत पाठवण्याच्या खटाटोपाला लागतात.

हा भेद नवा नाही. भारतात घडवलेल्या पहिल्या संगणकापासून तो चालत आलेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या एका गटाने १९५० च्या दशकाच्या मध्यास आधी एक लहान प्रायोगिक यंत्र उभारले, आणि ते १९५६ साली चालते झाल्यावरच मोठ्याच्या उभारणीला हात घातला. मोठे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले आणि १९६२ साली त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. इतक्या हजारो सांध्यांपैकी कोणता कच्चा राहिला हे शोधायचे, तर संपूर्ण यंत्र एकदम उभे करून कळ दाबण्यात अर्थ नव्हता. लहान यंत्र आधी, मोठे मागाहून हा क्रम म्हणूनच शहाणपणाचा. आज कर्जतमधल्या मुलाच्या हातात येणाऱ्या एकट्या रॅमच्या पट्टीत टिफ्रॅकच्या स्मृतीच्या लाखो पट जागा असते, आणि सांधे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच त्याच्या वाट्याला येतात. बाकीचे कारखान्यातच जोडून झालेले असतात. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक खुल्या रचनेचा ठेवला आणि १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचे मान निश्चित केले, म्हणजे भोके कोठे, खिळे कोठे, विजेची कोणती तार कोणत्या रंगाची हे जगभर एक झाले, म्हणून तर तैवानचा बोर्ड, चीनचा डबा आणि पुण्याच्या दुकानातला वीजपुरवठ्याचा डबा यांची सोयरीक कर्जतमध्ये जुळू शकते.

या जोडणीतून जीव कसा प्रकट होतो हे एकदा समजून घेतले म्हणजे तपास सोपा होतो. संगणकाचे चालू होणे ही एक घटना नसून ती परवानग्यांची मालिका आहे, आणि ती मामलेदार कचेरीत फिरणाऱ्या प्रकरणासारखी चालते: एका टेबलाचा शेरा पडल्याखेरीज कागद दुसऱ्या टेबलावर जात नाही, आणि कागद अडला की तो नेमका कोणत्या टेबलावर अडला आहे एवढेच शोधायचे असते, साऱ्या कचेरीला दोष द्यायचा नसतो.

भिंतीतली वीज आली की वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला सारे एसएमपीएस म्हणतात, तो बंद दिसत असला तरी एका जांभळ्या तारेवर पाच व्होल्टची शिलकी वीज मदरबोर्डाला अखंड देत राहतो. पुष्कळ बोर्डांवर एक लहान दिवा असतो, तो या विजेवर पेटतो. यंत्र निपचित असताना तो दिवा पेटलेला दिसला तर भिंतीपासून बोर्डापर्यंतचा रस्ता मोकळा आहे असे समजावे. पुढची कळ ही विजेची कळ नव्हेच. ती केवळ अर्जदार आहे. ती दाबली की बोर्ड हिरवी तार काळ्या तारेशी, म्हणजे शून्याशी, जोडतो आणि हा एसएमपीएसला चालू होण्याचा हुकूम. त्यानंतर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट या तीन मुख्य धारा उभ्या राहतात, त्या आपल्या ठरल्या मर्यादेत, म्हणजे साधारण पाच टक्क्यांच्या आत, स्थिरावल्या असे एसएमपीएसला वाटले की तो राखाडी तारेवरून ‘वीज ठीक’ असा निरोप धाडतो. हा निरोप येईपर्यंत, आणि तो येण्यास सेकंदाचा दहावा ते निम्मा भाग लागतो, प्रोसेसरला जागचे हलू दिले जात नाही. मग प्रोसेसर जागा होतो आणि चार गिगाबाइटच्या सीमेच्या सोळा बाइट अलीकडे असलेल्या ठरावीक पत्त्यावर पहिली आज्ञा शोधतो. तेथे बायोसचा मजकूर असतो. बायोस आधी स्मृती तपासतो, तिचा वेग जुळवतो, मग चित्र दाखवणारा भाग शोधतो, मग कळफलक, मग डिस्क, आणि अखेरीस डिस्कवरच्या विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवून स्वतः बाजूला होतो. पंखे फिरतात ते दुसऱ्या टेबलावर. पडद्यावर पहिले अक्षर उमटते ते फार पुढे. या दोहोंच्या मधल्या अंतराचे नाव ‘नो डिस्प्ले’.

एका प्रसंगाचा तपास जरा जवळून पाहू. राशीनच्या बाजूच्या एका वस्तीवर राहणाऱ्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने साठवलेल्या पैशांतून आणि वडिलांच्या कांद्याच्या पट्टीतून भाग आणून यंत्र जोडले. पंखे फिरले, रंगीत दिवे लागले, पडदा काळा. दोन दिवस झटून तो डबा घेऊन कर्जतच्या एका दुकानात आला. दुकानदाराने पत्रा उघडण्यापूर्वी त्याला समोर बसवले आणि म्हणाला, “सांग बघू, काय काय केलंस ते पहिल्यापासून. गाळू नको काही.” ही जबानी घेण्याची रीत मला फार महत्त्वाची वाटते, कारण नव्या यंत्राचा दोष पुष्कळदा सांगणाराच्या तोंडून नकळत बाहेर पडतो.

पहिला प्रश्न होता पडद्याची तार कोठे लावली. हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, परंतु ‘नो डिस्प्ले’च्या तक्रारींत याचा वाटा लाजवण्याइतका मोठा असतो. मदरबोर्डाच्या पाठीमागेही चित्राची तार घेणारे छिद्र असते आणि स्वतंत्र ग्राफिक कार्डालाही असते. कार्ड बसवले असेल तर तार कार्डालाच लावायची. २०१९ पासून इंटेलने ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘एफ’ अक्षर लावले त्यांत चित्र काढणारा भाग चालू नसतो. एएमडीच्या जुन्या एएम-४ बैठकीवरील, नावात ‘जी’ नसलेल्या रायझन प्रोसेसरांतही तो नसतो. अशा प्रोसेसरावर बोर्डाच्या छिद्रात तार खोचून बसले तर आत यंत्र सुखेनैव चालू होऊन विंडोजच्या दारापर्यंत पोचलेले असते आणि बाहेर मालक डोके धरून बसलेला असतो. मुलाने तार बरोबर लावली होती.

दुसरा प्रश्न आठ टाचण्यांच्या तारेचा. मदरबोर्डाला एसएमपीएसकडून दोन तारा लागतात: एक चोवीस टाचण्यांची रुंद, जी कोणी विसरत नाही, आणि दुसरी चार किंवा आठ टाचण्यांची, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, थंडाव्याच्या पंख्यामागे दडलेली, जी केवळ प्रोसेसरसाठी असते. ही राहिली तर पंखे फिरतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो. ग्राफिक कार्डाची तारही आठ टाचण्यांचीच दिसते, पण तिची घडण निराळी असते. बळजबरीने एकीच्या जागी दुसरी बसवू नये. मुलाने हीसुद्धा लावली होती, आणि तसे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता.

तिसरी पाळी रॅमची. आपल्याकडे संगणक चालू झाला नाही की रॅम काढायची, तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने घासायची आणि पुन्हा बसवायची हा विधी गावोगाव रूढ आहे, आणि तो पुष्कळदा फलद्रूप होतो म्हणून त्याच्यावरची श्रद्धाही अढळ आहे. धुळीत आणि दमट हवेत चार वर्षे काढलेल्या यंत्रात त्याला काही अर्थ असतो. नव्या पट्टीवर मळ येणार कोठून? तेथे फळ मिळते ते रबराचे नव्हे, पट्टी काढून पुन्हा नीट दाबून बसवण्याचे. पहिल्या खेपेस ती एका टोकाला अर्धा मिलिमीटर वर राहिलेली असते, एवढेच. दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखा दाब द्यावा, कडी आपोआप मिटल्याचा ‘टक’ असा आवाज यावा, तरच ती बसली. चार खाचांच्या बोर्डावर एकच पट्टी असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, असा बहुतेक बोर्डांचा संकेत असतो.

येथे एक नवी अडचण सांगायला हवी, कारण तिने अनेक शहाण्यांना चकवले आहे. डीडीआर-५ जातीची रॅम असलेल्या, विशेषतः एएमडीच्या २०२२ साली आलेल्या एएम-५ बैठकीच्या यंत्रात, पहिल्याच खेपेला बायोस स्मृतीचा वेग जुळवत बसतो आणि त्यास काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो, कधी यंत्र मध्येच एकदा बंद होऊन चालूही होते. उतावळा मालक अर्ध्या मिनिटात कळ दाबून यंत्र बंद करतो, पुन्हा लावतो, पुन्हा बंद करतो, आणि प्रत्येक वेळी बायोसला श्रीगणेशा करावा लागतो. नव्या यंत्राला पहिल्या खेपेस दहा मिनिटे द्यावीत, आणि त्या वेळात त्याच्याकडे पाहत बसू नये.

बोर्ड स्वतः काय म्हणतो हे तर अगोदर ऐकायला हवे. जुन्या बोर्डांवर एक इवलासा भोंगा असे आणि त्याच्या लांब-आखूड नादांवरून दोष कळे. एक लांब आणि दोन आखूड नाद म्हणजे पुष्कळ बायोसांत चित्राच्या भागाची तक्रार. आता भोंगा बहुधा डब्यासोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, तो घ्यावा. अगदी स्वस्त वस्तू आहे. नव्या बोर्डांवर त्याच्या जागी चार दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे. ते क्रमाने लागून विझत जातात. जो लागलेलाच राहील त्या टेबलावर कागद अडला. सीपीयूचा दिवा राहिला आणि तार ठीक असली तर प्रोसेसर बोर्डाला ओळखीचा आहे काय हे पाहावे: २०१८ साली आलेल्या बी-४५० बोर्डाला २०२० च्या अखेरीस आलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बायोस अद्ययावत केल्याशिवाय ओळखता येत नाहीत, आणि दुकानाच्या फळीवर पडून असलेला बोर्ड कोणत्या बायोसाचा आहे हे खोक्यावरून कळेलच असे नाही. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. घेतानाच ती पाहून घेणे हिताचे.

त्या मुलाच्या बोर्डावर सीपीयूचा दिवा लागून राहत होता, कधी डीरॅमचा, आणि कधी एकही नाही. लक्षणे बदलत राहणे हे फार बोलके चिन्ह आहे. खराब भाग सहसा एकाच ठिकाणी हटून बसतो. बदलती लक्षणे दिसली की सैल सांधा किंवा चुकीच्या जागी होणारा स्पर्श यांचा संशय घ्यावा.

मग दुकानदाराने जे केले ते या विद्येचे सार आहे. त्याने सारा बोर्ड डब्याबाहेर काढला आणि मदरबोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीतून येतो त्या पिशवीवर तो ठेवून चालवण्याची चूक पुष्कळ जण करतात. त्या पिशवीची बाहेरची बाजू थोडीबहुत वीज वाहते, पुठ्ठा वाहत नाही. ग्राफिक कार्ड काढले, डिस्क काढली, सारे पंखे सोडवले. प्रोसेसर, त्यावरचा थंडावा, एक रॅमची पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवले. प्रोसेसरात चित्राचा भाग नसल्याने कार्डावाचून पडदा काही दाखवणार नव्हता, पण दिव्यांवरून वाचता येत होते. नाण्याच्या आकाराचा, सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल क्षणभर काढून बायोसच्या साठवलेल्या नोंदी कोऱ्या केल्या. आता पुढची कळ डब्यात राहिलेली. मग तिच्या दोन टाचण्यांना स्क्रूड्रायव्हरचे टोक निमिषमात्र टेकवले. सीपीयूचा दिवा लागला, विझला. डीरॅमचा लागला, काही वेळाने विझला. व्हीजीएचा लागला आणि राहिला. म्हणजे कागद दोन टेबले पुढे सरकला होता आणि तिसऱ्यावर, कार्डच नसल्याकारणाने, न्याय्य रीतीने अडला होता. कार्ड बसवले, चौथा दिवा लागला, आणि पडद्यावर बोर्डाचे बोधचिन्ह आले. “दादा, घरी तर असंच होतं सगळं,” मुलगा म्हणाला. “असंच नव्हतं,” दुकानदार म्हणाला, “घरी ते डब्यात होतं.”

डब्यात वाकून पाहिले तेव्हा दोष दिसला. मदरबोर्ड डब्याच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली पितळी उंचवट्याचे खिळे बसवतात, आणि बोर्डाच्या आकारमानाप्रमाणे ते कोठे बसवायचे हे बदलते. डबा मोठ्या आकाराच्या बोर्डासाठी तयार होऊन आला होता, मुलाचा बोर्ड लहान आकाराचा होता, आणि जादा ठरलेला एक खिळा काढायचा राहिला होता. तो बोर्डाच्या पाठीमागे, जेथे भोक नव्हते तेथे, डाखाच्या टोकांना टेकत होता. कधी टेके, कधी नाही. जसा डबा हले तसा. खिळा पकडीने काढला, बोर्ड पुन्हा चढवला, यंत्र चालू झाले. बदलले काहीच नव्हते. बिघडलेले काही नव्हतेच.

निपचित पडलेल्या यंत्राविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एसएमपीएसच्या पाठीवरची कळ बंद राहिलेली असते. पुढच्या कळीच्या दोन बारीक तारा बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दहा-वीस टाचण्यांच्या दाटीत चुकीच्या जोडीवर बसलेल्या असतात. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० व्होल्टची तांबडी सरककळ असते, ती ११५ वर राहिली तर मात्र एक बार उडून खरोखरच काहीतरी बिघडते. एसएमपीएसचा एकट्याचा कस पाहायचा तर तो बोर्डापासून सोडवून, भिंतीची वीज बंद असताना, चोवीस टाचण्यांच्या खोचणीतील हिरवी आणि शेजारची काळी तार कागदाच्या टाचणीने जोडावी आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला तर तो जिवंत आहे. तो सुदृढ आहे असे मात्र यावरून ठरत नाही, त्यासाठी मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळतात काय हे पाहावे लागते, आणि तेसुद्धा भार असताना. एसएमपीएसचा डबा उघडण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. वीज काढल्यावरही आतल्या धारकांत जीवघेणी वीज काही काळ साठून असते.

चालू होऊन बंद पडणाऱ्या यंत्रात बहुधा उष्णतेचा संबंध असतो. थंडाव्याच्या तळाशी लावलेला पारदर्शक कागद काढायचाच राहतो, किंवा इंटेलसोबत येणाऱ्या थंडाव्याच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक बोर्डापार गेलेली नसते; पाठीमागून पाहिले की लगेच कळते. पुण्याहून जोडून आणलेल्या यंत्रात तर जड थंडावा आणि जड ग्राफिक कार्ड रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून असे यंत्र आणताना डबा आडवा, बोर्ड खाली राहील असा ठेवावा, उभा ठेवू नये; आणि कार्ड शक्य तर काढून वेगळे आणावे.

त्या मुलाचे प्रकरण एवढ्यावर मिटले नाही, आणि यापुढचा भाग पुस्तकांत सापडत नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो. यंत्र वस्तीवर गेले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, की चालू होते पण डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि गावातला वायरमन टेस्टर लावून म्हणतो मशीन शॉर्ट आहे. टेस्टर पेटत होता हे खरे; निष्कर्ष खोटा होता. प्रत्येक बऱ्या एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान धारक बसवलेले असतात, एक फेजपासून अर्थिंगला आणि एक न्यूट्रलपासून अर्थिंगला. अर्थिंग जागेवर असले तर त्यांच्यातून झिरपणारी अत्यल्प वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंगच नसेल तर डब्याचा पत्रा या दोन धारकांच्या मधोमध लटकतो आणि त्याच्यावर भिंतीतल्या विजेच्या सुमारे निम्म्याइतका, म्हणजे शंभराच्या वर व्होल्टचा दाब दिसतो. प्रवाह इतका क्षीण असतो की सहसा माणसाला नुसता चटका बसतो. तथापि तीच वीज पडद्याची किंवा प्रिंटरची तार खोचताना बोर्डाच्या नाजूक भागांतून वाट काढते. अर्थात ही साक्ष यंत्राविरुद्ध नव्हती, घराविरुद्ध होती.

कर्जतसारख्या टापूत अर्थिंगचा प्रश्न हवामानाशी बांधलेला आहे. वरचा मातीचा थर जेथे पातळ आहे तेथे हातभर खाली मुरूम लागतो, पाऊस तोकडा, आणि फाल्गुनापासून जमीन वाळून खडखडीत होते. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरतात तो ओल धरून ठेवावी म्हणूनच, पण खड्ड्यात पाणी घालण्याची आठवण बांधणाऱ्याच्या पश्चात कोणाला राहत नाही. त्यातच तीन टाचण्यांची खोचणी दोन भोकांच्या एक्स्टेंशन बोर्डात बसावी म्हणून मधली जाड टाचणी कापून टाकण्याची चाल आहे. ती टाचणी कापली म्हणजे शंभर रुपयांच्या बोर्डासाठी पन्नास हजारांच्या यंत्राचे अर्थिंग तोडले. मुलाच्या वडिलांनी खड्डा नव्याने खणून घेतला, झिणझिण्या गेल्या.

राहता राहिला व्होल्टेजचा भाग. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळते, आणि ती आली की, विशेषतः कुकडीच्या कालव्याला आवर्तन सुटलेले असताना, शिवारभर मोटारी एकदम सुरू होतात आणि रोहित्राच्या दूरच्या टोकाला असलेल्या वस्तीवरचे दिवे मिणमिणू लागतात. चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा पेलतात, स्वस्तातल्या पुष्कळांवर २०० ते २४० असे छापलेले असते. पहिल्याला मोटारींची फिकीर नाही. दुसरा दुकानात निमूट चालतो आणि वस्तीवर दुपारी रुसतो, आणि मग ‘दुकानात चालतं, घरी चालत नाही’ या वाक्यावरून दोन्ही पक्षांत तंटा होतो. एसएमपीएसच्या अंगावरची ती बारीक अक्षरे घेण्यापूर्वी वाचावीत. यूपीएस घेतला तरी स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताना शुद्ध लहरीची वीज देत नाही, आणि काही नव्या एसएमपीएसांचे तिच्याशी पटत नाही. वीज गेली की यूपीएस ओरडतो आणि यंत्रही त्याच क्षणी बंद पडते, असे झाले तर बॅटरीला दोष देण्यापूर्वी हे कारण तपासावे.

इतके सारे करूनही कागद त्याच टेबलावर अडून राहिला तर मात्र भाग खराब आहे असे मानावे लागते. तेव्हा चालत्या यंत्रातला एक-एक भाग आणून अदलाबदल करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते घरी होत नाही. दुकानदाराच्या फळीवर चालू रॅम, चालू एसएमपीएस पडलेले असतात, हीच त्याची खरी पुंजी, आणि तपासणीचे दोन-तीनशे रुपये तो मागतो ते या पुंजीचे भाडे म्हणून द्यावेत. खराब भाग परत पाठवताना पक्के बिल लागते, खोक्यावरचा अनुक्रमांक भागावरच्या अनुक्रमांकाशी जुळावा लागतो, आणि इंटेलचा किंवा एएमडीचा एएम-५ बोर्ड परत करताना त्याच्या प्रोसेसरच्या बैठकीवरचे काळे प्लास्टिकचे झाकण लावलेले असावे लागते. प्रोसेसर बसवताना ते झाकण आपोआप निघून येते आणि बहुतेक जण ते कचऱ्यात टाकतात. परंतु त्या बैठकीतल्या हजाराहून अधिक, केसासारख्या बारीक टाचण्यांपैकी एखादी वाकलेली आढळली की हमीचा दावा नामंजूर होतो, आणि वाटेत त्या टाचण्यांचे रक्षण करणारे त्या झाकणावाचून दुसरे काही नसते. ते बोर्डाच्या खोक्यात, बिलाच्या शेजारी ठेवावे.